उमरआळीची टिंबं

यंत्रानं तिसऱ्यांदा तेच सांगितलं. नमुना बाद. चालकाचा संसर्ग.

सेराफिना लोपीसनं हातमोजे ओरबाडून काढले आणि टेबलावर आपटले. आता हद्द झाली होती. बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेली बाई कोपरापर्यंत हात धुते, मोज्यांवर मोजे चढवते, तोंडाला पट्टी, डोक्याला टोपी आणि अंगात तो कागदी झगा घालून श्वाससुद्धा बेतानं घेते. आणि एक कपाटाएवढं यंत्र तिलाच ऐकवतं की बाई, तुमचंच काहीतरी यात पडलंय. पहिल्यांदा तिनं निमूट ऐकलं होतं. दुसऱ्यांदा सुई, झगा, टेबलावरची चादर, सगळं बदललं होतं. आता काय बदलायचं, अंगावरची कातडी?

"मॅडम, चहा पिऊन या," नलिनी ढमढेरे म्हणाली. ती सेराची सहायक. सेराचा पारा चढला की ती आवाज खाली आणायची.

"चहानं संसर्ग जातो का?"

"नाही. पण मी तेवढ्यात टेबल पुसून घेते."

सेरा गेली नाही. काचेपलीकडे पोथी उघडी पडली होती, तिच्याकडे बघत उभी राहिली.

उमरआळी हे वसईकडचं, चाफ्याच्या बागांचं, साडेतीनशे उंबऱ्यांचं ख्रिस्ती गाव. सेरा तिथलीच. तिथल्या चर्चच्या गायकमंडळाकडे चारशे वर्षं हे पुस्तक आहे आणि गाव त्याला पोथीच म्हणतं. लाकडी पुठ्ठे, आत एकेचाळीस पानं, तीही कागदाची नव्हेत, कातड्याची. पानांवर लॅटिन प्रार्थनागीतं. शब्दांच्या वर चार तांबड्या रेघा आणि रेघांवर काळी चौकोनी टिंबं. सूर कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, हे ती टिंबं सांगतात. तेराव्या शतकाच्या शेवटाला कुणा साधूनं हे लिहिलं, म्हणजे पोर्तुगीज वसईत उतरले त्याच्याही अडीचशे वर्षं आधी. कुठल्या साधूनं, कुठे बसून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि उमरआळीचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. दोन हजार त्रेचाळीस साल उजाडेपर्यंत तरी नव्हतं.

आता मात्र ते सांगणारं यंत्र होतं. मूळवाचक. पुण्याच्या या प्रयोगशाळेत सेरानं ते वाढवलं होतं, अगदी लेकरासारखं.

कातड्याचं पान वाचणं त्याला फारसं जड जात नसे. साध्या मऊ खोडरबरानं पानाचा कोपरा हलकेच घासायचा. रबराचा जो भुगा पडतो त्याला कातड्यातली प्रथिनं चिकटून येतात, आणि ती सांगतात की जनावर वासरू होतं, बकरं होतं की मेंढरू. पुढची गंमत मातीची. प्रत्येक खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं आणि त्याच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण जागोजाग वेगळं. खडकातून ते पाण्यात उतरतं, पाण्यातून गवतात, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून वासराच्या कातड्यात. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी मेलेलं वासरू कुठल्या डोंगराच्या पायथ्याशी वाढलं, ते आज पुण्यात बसून कळतं.

पोथीचं वासरू वाढलं होतं उत्तर पोर्तुगालातल्या एका खोऱ्यात. त्या खोऱ्यात त्या काळी एकच मठ होता. शंकेला जागा नाही. हा निकाल पहिल्या आठवड्यातच आला, आणि सेराला त्यावर सही करायची होती.

आणि हीच सही तिच्याकडून होत नव्हती.

सात वर्षांपूर्वी जगातल्या एकशे तीस देशांनी मूळस्थान करार केला. परदेशी संग्रहालयांत जाऊन बसलेल्या मूर्ती, ताम्रपट, शिलालेख आपापल्या गावी परत जावेत म्हणून भारतानं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. संग्रहालयं म्हणत, दोनशे वर्षं आम्ही या मूर्ती सांभाळल्या, पुसल्या, तुटलेले हात जोडले, म्हणजे आमचाही हक्क आहेच की. तेव्हा कराराचं तिसरं परिशिष्ट लिहिलं गेलं: वस्तू मूळ ज्या द्रव्याची, ते द्रव्य जिथलं, वस्तू तिथली. नंतर तिच्यावर चढलेलं काहीही, लेप, रंग, डागडुजी, पुरावा म्हणून धरायचं नाही. हे परिशिष्ट लिहिणाऱ्या समितीत सदतीस वर्षांची एक हुशार बाई होती. तिनं डोळ्यांसमोर दगड ठेवला होता, फार तर कांसं. पुस्तक तिच्या डोक्यातही आलं नाही. त्या बाईला आज सेरा दोन थोबाडीत द्यायला तयार होती, पण ती बाई ती स्वतःच होती.

करारानं पाचेकशे मूर्ती घरी आल्या. वर्तमानपत्रांत सेराचे फोटो छापून आले. आणि मग त्या खोऱ्याच्या संग्रहालयानं अर्ज केला, की आमची पोथी उमरआळीत आहे. मठाचं आता हॉटेल झालं होतं, साधू कधीचेच संपले होते, पण संग्रहालय होतं. सेरानं लेखी कळवलं की मी त्याच गावची आहे, मला या कामातून वगळा. संग्रहालयानं उत्तर दिलं की आमची हरकत नाही, उलट परिशिष्ट लिहिणाऱ्या बाईंनीच तपासावं. एवढा विश्वास टाकला होता तिच्यावर. तिला तो शिवीसारखा लागला.

पोथी पेटीत बंद झाली त्या दिवशी ती गावी गेली होती. चर्चच्या पडवीत माणसं जमली होती. तिचे वडील पास्कू लोपीस गायकमंडळाचे प्रमुख, वय एकोणऐंशी. त्यांनी स्वतःच्या हातानं पोथी पेटीत ठेवली आणि लेकीकडे न बघता विचारलं, "ते लोक तिचं काय करणार?"

"साफ करून काचेत ठेवणार."

"साफ म्हणजे?"

खोटं बोलायला हवं होतं. ते तिला कधी जमलं नाही. "वरची नंतरची शाई किरणांनी काढणार. खालची जुनी दिसावी म्हणून. त्यांच्या अर्जात लिहिलंय, उत्तरकालीन मळ."

पास्कूंनी पेटीचं झाकण लावलं. "तुझ्या आईचं टिंब आहे त्यात," ते म्हणाले, आणि त्यानंतर सहा आठवडे तिच्याशी बोलले नाहीत.

उमरआळीत रीतच होती ती. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, पोथी बाहेर निघायची. वर्षभरात ज्या घरात माणूस गेलं त्या घरातलं एकजण पुढे यायचं, बोरू शाईत बुडवायचं आणि पोथीतलं एक टिंब भरायचं. जुनं फिकुटलेलं टिंब पुन्हा काळंभोर व्हायचं. मग मंडळ गायचं. गाताना पान डोळ्यांपुढे असलं तरी ती लिपी कुणाला वाचता येत नसे. सगळं तोंडपाठ. पण आपलं माणूस कुठल्या पानावर आहे ते घराघराला ठाऊक असायचं. आई गेली तेव्हा सेरा अकराची होती. पान चौदा, तिसरी ओळ, पाचवं टिंब. पप्पांनी तिचं मनगट धरलं होतं.

आणि आता ते मळ.

"ओगले सर आहेत का?" तिनं झगा काढत विचारलं.

डॉ. निरंजन ओगले म्हणजे प्रयोगशाळेचे संचालक. सज्जन माणूस, आणि सज्जन असल्यामुळेच सेराला त्यांच्यावर धड चिडताही येत नसे. त्यांनी खुर्ची दाखवली. ती उभीच राहिली.

"सर, अपवाद मागता येईल. अर्ध्याहून जास्त टिंबं गावानं भरलेली आहेत. काही ठिकाणी तीन-तीन थर. कातडं त्यांचं असेल, पण पोथी आता ती राहिलेलीच नाही."

"बरोबर आहे."

"मग?"

"मग तू हे लिहून दे. मी सहीही करतो. आणि सोमवारी अंबीरवाडीची सुनावणी आहे, त्यांना तू स्वतः सांग."

सेरा बसली. अंबीरवाडी हे साताऱ्याकडचं एवढंसं गाव. त्यांची देवी सव्वाशे वर्षांपूर्वी चोरीला गेली आणि एका परदेशी संग्रहालयात सापडली. तिथल्यांनी तिचं फुटलेलं तोंड आणि हात चुन्याचे नवीन करून बसवले होते. म्हणत होते, अर्धी देवी आम्ही घडवली.

"त्या संग्रहालयाचा वकील याचीच वाट बघतोय," ओगले म्हणाले. "नंतर चढलेलं एकदा तू मोजायला लागलीस, की तुझाच कागद तो तिथे वाचून दाखवणार. अंबीरवाडीची नुसती पहिली पाळी. मागे अजून दोनशे गावं आहेत."

"म्हणजे माझं गाव सोडून सगळ्या गावांचं भलं मी केलंय."

"असं नको म्हणूस."

"काय म्हणू मग, सर? तुम्हीच सांगा, मी तसं म्हणते."

ओगल्यांचं उत्तर ऐकायला ती थांबली नाही. ती जिना उतरली आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर जाऊन बसली. समोर ठेवलेल्या चहावर साय धरली तरी तिनं तो उचलला नाही.

तासाभरानं नलिनी धावत आली. चेहरा असा, की काहीतरी सांडून आलेली.

"मॅडम, रागवू नका. तुम्ही इमारतीत नव्हता म्हणून मी एकटीनं नवा नमुना घेऊन चालवलं. तरी तुम्हीच येताय."

"मीच कशी येईन? मी इथे बसलेय."

"तेच म्हणते मी. म्हणून मग मी संसर्गाची चाळणी बंद करून सगळा गट पुन्हा वाचला." नलिनीनं हातातली पाटी पुढे केली. "शाईत माणसं आहेत, मॅडम. गावानं भरलेल्या जवळजवळ प्रत्येक टिंबात, वेगवेगळी. तुमच्याशी जुळणारं एकच टिंब आहे. ते दिसलं की यंत्र सगळा गट फेकून देत होतं, म्हणून बाकीचे आपल्याला दिसलेच नाहीत."

खरं तर शाई तपासायचं कारणच नव्हतं. निकाल कातड्यावर लागला होता. पण किती थर खरवडायचे ते कळावं म्हणून संग्रहालयानंच शाईची मागणी केली होती.

"कुठलं टिंब?" सेरानं विचारलं.

"पान चौदा. तिसरी ओळ. पाचवं."

सेरातली शास्त्रज्ञ आधी जागी झाली, कारण तिला सवयच ती. पेशीत दोन प्रकारचा वारसा, म्हणजे डीएनए, असतो. एक आई-बापांचा मिसळून येतो, तो केसाच्या दांड्यात फारसा टिकत नाही. दुसरा फक्त आईकडून येतो, न मिसळता, जसाच्या तसा. आईचा तोच लेकीचा. तो केसात शेकडो वर्षं टिकून राहतो. आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचा हा वारसा यंत्राला आधीच दिलेला असतो, त्यांचा संसर्ग ओळखता यावा म्हणून. यंत्रानं सेराला ओळखलं होतं. पण सेरा तिथे नव्हतीच.

"प्रथिन कुठलं आलंय?" तिनं विचारलं.

"केराटिन. केस आहेत, मॅडम. अर्धवट जळलेले, बारीक वाटलेले."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उमरआळीत होती. पास्कू अंगणात बसून चाफ्याच्या कळ्या केळीच्या पानात बांधत होते. तिला पाहून त्यांनी पाट सरकवला.

"पप्पा, शाईत काय घालतात?"

"काजळी. डिंक."

"आणि?"

त्यांनी एक पुडी बांधून संपवली. "यंत्रानं सांगितलं?"

"हो."

"मग मला कशाला विचारतेस?"

"कारण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

पास्कूंनी हात धोतराला पुसले. मग सांगू लागले, जमिनीकडे बघत. माणूस गेलं की त्याचा कंगवा फेकायचा नाही. त्यात अडकलेले केस घरातल्या बायका जपून ठेवतात. नोव्हेंबर आला की ते दिव्यावर धरायचे. निम्मे जळतात, निम्मे नुसते आखडतात. मग काजळीबरोबर वाटायचे. हे बाहेर बोलायचं नाही, पाद्र्यांना तर मुळीच नाही. जुन्या काळी कळलं असतं तर त्यांनी पोथीच जाळली असती. नंतरच्या फादरांनी जाळली नसती, पण न सांगायची सवय लागली ती लागली.

"अकरा वर्षांची होते मी," सेरा म्हणाली. "आईचे केस माझ्या हातात दिलेत आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर हात हलला असता. टिंब बिघडलं असतं."

तिला इतका राग आला की रडूच फुटलं. पास्कू उठले नाहीत, जवळही आले नाहीत. पण त्यांनी कळ्यांचं टोपलं बाजूला ठेवलं आणि ती थांबेपर्यंत बसून राहिले.

मग तिनं त्यांना सातवं परिशिष्ट समजावलं. करारात मानवी अवशेषांचा वेगळा भाग होता. ज्यांच्या पूर्वजांची हाडं परदेशातल्या कपाटांत पडून होती, त्या लोकांनी भांडून तो मिळवलेला. वस्तूत माणसाचे अवशेष असतील तर द्रव्याचा नियम लागू होत नाही. ती नातलगांकडे जाते. तिला खरवडायचं नाही, काचेत ठेवायचं नाही, तिची चित्रंसुद्धा ठेवायची नाहीत. आणि नव्वद दिवसांच्या आत, त्या समाजाच्या रीतीप्रमाणे, तिला विसावा द्यायचा.

"विसावा म्हणजे?" पास्कूंनी विचारलं.

"आपल्यात काय करतात?"

पास्कूंना समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे वाचवायची तर पुरायची."

"हो."

"आणि नाही पुरली, तशीच ठेवली तर?"

"तर ते म्हणतील, हे लोक हिला अवशेष मानतच नाहीत, वापरायची वस्तू मानतात. मग पुन्हा तिसरं परिशिष्ट. मग ती जाते आणि खरवडली जाते."

"काय कायदे करता गं तुम्ही लोक."

"हा मी नाही केला. मी केलेला दुसरा. पोथी न्यायला लावणारा."

"शाबास," पास्कू म्हणाले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसण्यासारखं काही आलं, आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं.

रविवारी चर्चच्या सभागृहात गाव जमलं. फादर इलियास आधी शाईचं ऐकून गोरेमोरे झाले, मग म्हणाले, "मी ऐकलं नाही असं समजा, पण बसतो." चांगले दोन तास वादावादी झाली. काहींचं म्हणणं, पुरून मातीत कुजवण्यापेक्षा काचेत राहू दे, निदान जगाला दिसेल. शिकलेली मुलं म्हणाली, सातशे वर्षांची गोष्ट आहे, आपण कोण संपवणारे? त्यांचं चुकत नव्हतं आणि सेराला तेच खुपत होतं. ती मागच्या बाकावर बसून स्वतःचंच म्हणणं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होती. मग इजाबेल रुमाव उठल्या. त्यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी समुद्रात गेला होता. अंगही सापडलं नव्हतं, फक्त कंगवा होता घरात.

"माझ्या लेकाला कुठे पुरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तो तेवढ्या टिंबात आहे. त्याला तिकडे मळ म्हणून पुसणार?"

त्या खाली बसल्या. त्यानंतर पुरायचं ठरायला वेळ लागला नाही.

सेरानं अहवाल दिला. कातडं त्या खोऱ्याचं, शंका नाही. शाईत किमान तेराशे माणसांचे अवशेष, शंका नाही. दोन्ही खरं, दोन्हीखाली तिची सही. संग्रहालयानं दावा मागे घेतला आणि चार पानी पत्र पाठवलं की युरोपच्या संगीताच्या इतिहासाचं हे कधीही न भरून येणारं नुकसान आहे. त्यातलं एक वाक्यही तिला खोडता आलं नाही. यंत्रातली पोथीची सगळी चित्रं तिनं आणि नलिनीनं बसून पुसली, एकेचाळीस पानं, दोन्ही बाजू. अंबीरवाडीची देवी सुखरूप घरी पोहोचली. त्या गावानं प्रयोगशाळेत पेढे पाठवले. सेरानं ते सगळ्यांना वाटले आणि स्वतः खाल्ला नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पोथी परत आली. स्मशानभूमीत मधोमध खड्डा खणून ठेवला होता, सागवानी पेटी तयार होती. पुरण्याआधी, नोव्हेंबर नसला तरी, गेल्या वर्षभरात माणूस गेलेल्या सात घरांनी आपापलं टिंब भरून घेतलं. पडवीत टेबलावर पोथी उघडी, आणि रांगेनं एकेक माणूस. यंदा शाई लपवायची गरज नव्हती, वाट्या उघड्यावर होत्या. फादर इलियास खांबाशी उभे राहून दुसरीकडे बघत होते.

सातवं घर झालं. सेरा पोथी मिटायला पुढे झाली, तेव्हा पास्कूंनी तिच्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं सदऱ्याच्या खिशातून एक लहानशी बाटली काढून टेबलावर ठेवली. तेव्हा तिनं त्यांच्या डोक्याकडे नीट पाहिलं. केस अगदी बारीक कापलेले होते.

"माझं भर," ते म्हणाले.

"पप्पा, जिवंत माणसाचं भरत नाहीत."

"रीत तू मला शिकवू नकोस. मी गेल्यावर कुठे भरशील? त्या तुझ्या कपाटात?"

आजूबाजूचं गाव ऐकत होतं. सेरानं फादरांकडे पाहिलं, तर ते अजूनही दुसरीकडे बघत होते. तिला वाटलं बाटली उचलून भिंतीवर फोडावी, करार फाडावा, त्या सदतीस वर्षांच्या हुशार बाईला केसाला धरून इथे आणावं आणि दाखवावं. यातलं काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

"कुठे भरू?" तिनं विचारलं.

"चौदावं पान काढ. आईच्या शेजारचं, सहावं. तेहतीस वर्षं मी ते कुणाला भरू दिलेलं नाही."

तिनं पान काढलं. पाचवं टिंब काळं होतं, सहावं पार फिकुटलेलं, विटकरी रंगाचं. सातशे वर्षांपूर्वीच्या साधूनं भरलं होतं तसंच. तिनं बाटली उघडली, बोरू बुडवला आणि वाकली. पास्कूंनी या वेळी तिचं मनगट धरलं नाही. मागे हात बांधून, मान पुढे काढून ते बघत राहिले.

टिंब भरून झालं. शाई वाळेपर्यंत पोथी मिटता येत नव्हती, म्हणून सगळेच उभे राहिले. पास्कूंनी चष्मा वर केला, पानावर आणखी वाकले आणि स्वतःच्या टिंबाकडे बराच वेळ पाहिलं.

"डाव्या बाजूला जरा कमी भरलंय," ते म्हणाले.

सेरानं बोरू पुन्हा शाईत बुडवला.